टेलीमार्क बाइंडिंग : चढाईसाठी कोणतं घ्यावं?

प्रश्न: नॉर्वेत, जोटुनहाइमेनच्या डोंगरांत, टेलीमार्क स्कीवर (टाच मोकळी राहते ती) दिवसाला १००० मीटर चढाईच्या टूर करायच्या आहेत. बूट जुने, ७५ मिमी, पुढे चोच असलेले. बाइंडिंगबरोबर (बूट स्कीला जोडणारा भाग) बूटही बदलावेत का?

उत्तर १: आधी बूट ठरवा, बाइंडिंग त्यावरून ठरतं. ७५ मिमी बूट ठेवणार असाल तर फ्री पिव्हट (चढताना स्प्रिंग न ताणता टाच मोकळी उचलू देणारी सोय) असलेलंच घ्या, उदा. व्होइले स्विचबॅक. साध्या केबल बाइंडिंगमध्ये टाच उचलताना दर पावलाला स्प्रिंग ताणावी लागते, आणि हजार मीटर चढेपर्यंत पोटऱ्या भरून येतात.

उत्तर २: बूट बदलायची तयारी असेल तर एनटीएन बूट (चोच नसलेले, नव्या पद्धतीचे) आणि टेक टो (बुटाचं टोक दोन पिनांनी धरणारा पुढचा भाग) असलेलं बाइंडिंग (लिंक्स, माइदो) चढाईला कितीतरी सरस. पण बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना टेक पिनांची भोकं आहेत का, हे दुकानातच बघा. ती सगळ्याच एनटीएन बुटांना असतात असं नाही.
बूट घालण्याआधी भोकांतला आणि टोच्या स्प्रिंगखालचा बर्फ काठीच्या टोकाने खरवडा. बर्फ राहिला की पिना पूर्ण मिटत नाहीत, मग आडव्या चढावर बूट निसटतो.

उत्तर ३: बाइंडिंग बसवताना ड्रिल स्कीवर छापलेल्या मापाचंच वापरा: बहुधा ३.६ मिमी, धातूचा थर असेल तर ४.१. खोली ९ मिमी. भोकात गोंद घालायचाच, नाहीतर पाणी गाभ्यात मुरतं आणि स्क्रू उपटतात. टेलीमार्कमध्ये हा ताण फार असतो.
आणखी एक, बहुतेक टेलीमार्क बाइंडिंग आपोआप सुटत नाहीत. हिमस्खलनात स्की पायाला अडकून माणसाला खाली ओढते. तीव्र उतारांवर जाणार असाल तर बाजूला सुटणारं माइदो घ्या.