मदत हवी आहे: सायकल चालवताना दिसलेला तो लांडगाच होता का? आणि असं काही दिसलं तर पुढे करायचं काय?

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं दर रविवारी पहाटे हडपसरहून निघून दिवे घाट चढतो आणि सासवडच्या बाजूला सायकल फिरवून येतो. माझे प्रश्न तीन आहेत. पण आधी काय दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण ओळख पटवणाऱ्याला बारकावे लागतात.

गेल्या रविवारची गोष्ट. घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. हातमोजे घालूनही बोटं गारठली होती. पुढे मोठा रस्ता सोडून मी एका कच्च्या वाटेला लागतो. कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली येईल. दोन्ही बाजूंना गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनमधून बोरी-बाभळी, लांबवर अंजिराच्या बागा. थोडा उतार होता, तरी मी पॅडल मारणं थांबवलं नव्हतं. पॅडल थांबलं की मागच्या चाकाचा फ्रीव्हील कटकट वाजतो आणि तित्तिर लांबूनच भर्रकन उडून जातात. पाय हळू फिरवत राहिलं तर सायकल जवळपास मुकी असते. सायकलवरून प्राणी-पक्षी बघणाऱ्या कोणालाही मी हे पहिल्यांदा सांगेन.

वळण घेतलं आणि साधारण चाळीस पावलांवर, वाटेच्या मधोमध, एक जनावर उभं.

आधी वाटलं धनगराचं कुत्रं. पण कुत्रं असतं तर भुंकलं असतं, अंगावर आलं असतं, नाहीतर शेपूट हलवली असती. यानं यातलं काहीच केलं नाही. नुसतं बघत राहिलं. पाय काटक आणि अंगाच्या मानाने जास्तच लांब. पोट आत गेलेलं. रंग वाळल्या गवतासारखा मळकट, पाठीवर काळपट केसांची झाक, पायांकडे तांबूस. शेपूट सरळ खाली, कुठेही वळलेली नाही. मी ब्रेक दाबून एक पाय जमिनीवर टेकवला होता आणि माझाच श्वास मला ऐकू येत होता. अर्धा मिनिट गेला असेल. मग ते वळलं आणि दुडक्या चालीनं निघालं. घाईघाईनं पळणं नव्हतं, एका लयीत जाणं होतं. बांधावर चढल्यावर एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि गवतात शिरलं. गवत हलत गेलं तेवढं दिसत राहिलं.

फोटो एकच आला, तोही पाठमोरा आणि हललेला. पण वाटेवर फुफाटा होता, त्यात पावलांचे ठसे नीट उमटले होते. चार बोटं, पुढे नखांच्या खुणा, आणि लांबी माझ्या चार बोटांच्या रुंदीपेक्षा जरा जास्त. मला नवल याचं वाटलं की ठसे जवळपास एका रेषेत होते, दोरीवर ओवल्यासारखे. शेजारूनच माझ्या टायरची नक्षी गेली होती.

तर प्रश्न पहिला: हा लांडगाच ना? की कोल्हा, की कुत्रंच?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. तो हललेला फोटो मी आमच्या सायकलच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी लोकेशन मागितलं आणि पुढच्या रविवारी वीस जणांची राइड काढायची ठरूही लागली. माणसं चांगली आहेत, उत्साहानं बोलत होती. पण माझ्या पोटात गोळा आला. मी अजून जागा सांगितलेली नाही. हे बरोबर केलं का? आणि गर्दी होणार नाही, पण अभ्यास करणाऱ्यांना उपयोग होईल, अशा रीतीनं ही नोंद कुठे करता येते?

तिसरा प्रश्न मेलेल्या जनावरांचा. पावसाळ्यापासून मी खिशात छोटी डायरी ठेवतो आणि रस्त्यावर गाडीखाली आलेलं जे दिसेल ते लिहितो. जूनपासून एकवीस नोंदी झाल्या: धामणी, एक मुंगूस, दोन ससे, एक उदमांजर, आणि दोनदा काळा-पांढरा पट्ट्यांचा साप, जो विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या हे मला सांगता आलं नाही. ऑक्टोबरात एक गव्हाणी घुबड जिवंत सापडलं, पंख लोंबत होता. कोणाला फोन करायचा तेच मला ठाऊक नव्हतं. तीन ठिकाणी फोन लावले, प्रत्येकानं दुसरीकडे विचारायला सांगितलं. तासाभरात ते माझ्या टी-शर्टमध्ये गुंडाळलेलंच गेलं. त्याचे पाय बोटांपर्यंत बारीक पिसांनी झाकलेले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती वेळ पुन्हा आली तर मला काहीतरी करता यायला हवं.

सायकलनं मला एरवीही बघायची सवय लावली. ऑफिसच्या पार्किंगमधल्या गुलमोहराच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते, हे तिथे चार वर्षं गाडी लावूनही मला माहीत नव्हतं. आता संध्याकाळी दिवे लागताना दोघं फांदीवर येऊन बसतात आणि माझ्याकडे बघून मान खालीवर करतात. आई गावाकडची. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, भारद्वाज दिसला की दिवस चांगला, हे ती सहज बोलून जायची आणि मी कधी कान दिला नव्हता. आता मी तिला रोज फोनवर सांगतो की आज काय दिसलं.

जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद: गवतकाडी

वर्णनावरून लांडगाच वाटतो. कोल्हा पायानं बुटका आणि शेपटीनं झुपकेदार असतो, शेपटीचं टोक काळं, वजन साधारण आठ-दहा किलो. खोकड तर त्याहून कितीतरी लहान, मोठ्या कानांचं, मांजरापेक्षा थोडंसंच मोठं. तरसाची पाठ मागे उतरती आणि अंगावर पट्टे. लांब पाय, आत गेलेलं पोट, सरळ खाली शेपूट आणि ती एका लयीची चाल, हे सगळं लांडग्याकडे बोट दाखवतं.

ठशांची रेष तुम्ही पाहिलीत हे फार चांगलं केलंत. कुत्रं इकडेतिकडे हुंगत जातं, त्याचे ठसे विस्कटलेले असतात. लांडगा शक्ती वाचवत चालतो, मागचा पाय बहुतेक पुढच्याच ठशावर पडतो. पुढच्या वेळी ठशाशेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून सरळ वरून फोटो घ्या.

तरी शंभर टक्के म्हणणार नाही. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलेलं आहे. गावकुत्री वाढली, माळ कमी झाले, त्याचा हा परिणाम. नुसत्या नजरेनं शुद्ध लांडगा ठरवणं म्हणूनच अवघड झालंय.

आणखी एक. हिवाळा हा त्यांच्या पिल्लांचा काळ. मोठं जनावर थांबून तुमच्याकडे बघत राहिलं, तर जवळपास घळ किंवा बीळ असू शकतं. महिना-दोन महिने ती वाट सोडा, ही माझी हात जोडून विनंती.

प्रतिसाद: पुरंदरी

दादा, जागा सांगितली नाहीत ते शंभर टक्के बरोबर केलंत.

माझे मामा मेंढरं राखतात. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन फिरतात. लांडगा त्यांना नवा नाही. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत कोकरं, बाहेर कुत्री, रात्री आलटूनपालटून जागणं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एखादं कोकरू जातं, वाईट वाटतं. पंचनामा झाला तर वनविभागाकडून भरपाईही मिळते, पण मेंढपाळ आज इथे तर परवा तिथे, कागदं कुठे फिरवणार? तरीही मामांनी कधी लांडग्यावर विष घातलं नाही. ‘त्याचाही वाटा असतो’ म्हणतात.

अवघड होतं ते बाहेरून माणसं यायला लागली की. गाड्या माळावर घुसतात, मेंढरं बुजतात, ड्रोन उडतात. मग गावात चर्चा होते की इथे लांडगे फार झालेत, आणि ज्यानं आजवर काही केलं नाही तोही घाबरून काठी उचलतो. तुमचे वीस जण चांगलेच असतील. त्यांच्यामागून येणारे दोनशे कसे असतील ते कोण सांगणार?

अजून एक बोलतो. या माळांना सरकारी कागदांवर पडीक म्हणतात. मग कोणीतरी येऊन खड्डे घेऊन झाडं लावतं, टाळ्या वाजतात, आणि चिंकारा, धाविक, चंडोल यांचं घर जातं. तुमच्या सायकलवाल्यांना हे एवढं कळलं तरी खूप झालं.

प्रतिसाद: भोरकर

नोंदीसाठी आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं ॲप वापरा. नोंद टाकताना ठिकाण ‘धूसर’ किंवा ‘खाजगी’ ठेवता येतं, धोक्यातल्या प्रजातींचं तर आपोआप धूसर होतं. पक्ष्यांसाठी ईबर्ड. पण एक गोष्ट सगळे विसरतात: तुमची राइड स्ट्राव्हावर (राइडचा मार्ग नोंदवणारं ॲप) सगळ्यांना दिसत असेल तर तुम्ही कुठे थांबलात हेही दिसतं. ती राइड आधी खाजगी करा. मूळ फोटोच्या फाइलमध्येही जागेचे आकडे असतात, त्यामुळे तो जसाच्या तसा कोणाला पाठवू नका.

जखमी जनावरासाठी वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आत्ताच फोनमध्ये टाका. पक्षी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवायचा, झाकण लावून अंधार करायचा, आणि शांत जागी. चोचीत पाणी ओतायचं नाही, काही भरवायचं नाही. माणसाच्या हाताळण्याचा धक्काच त्यांना जास्त बसतो. तुमचं घुबड वाचलंच असतं असं नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

सापांचं: मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेजवळ ठळक, शेपटीकडे फिके, आणि अंग तपकिरीकडे झुकणारं. मेलेला दिसला तरी हात लावू नका. मेल्यानंतरही काही वेळ साप दंश करू शकतो. जिवंत साप रस्त्यावर असेल तर लांब उभं राहून मागच्या गाड्यांना हात दाखवा, तो आपणहून जातो.

मेलेल्यांचे फोटोही आयनॅचरलिस्टवर चालतात. डायरी चालू ठेवाच.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पुरंदरी, तुमच्या मामांचं वाक्य मी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. दोन तास कोणी काही बोललं नाही, मग लोकेशन मागणाऱ्यांपैकीच एकीनं लिहिलं की आपण दुसरीकडे जाऊ.

काल आम्ही नऊ जण मुळा-मुठेकाठी पक्षी बघायला कवडीपाटला गेलो. नदीची अवस्था वाईट आहे, पुलाच्या खांबांना प्लॅस्टिक अडकलेलं, वास येतो. तरी चक्रवाकांच्या दोन जोड्या, थापट्या बदकं, शेकाटे, धोबी, सगळे होते. उन्हात चक्रवाकाचा नारिंगी रंग पहिल्यांदा बघणाऱ्यांचे चेहरे बघायला मिळाले. लांडगा बघायचाच असेल त्यांच्यासाठी कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या वनविभागाच्या गवताळ सफारीची माहिती काढली आहे. तिथे ठरलेल्या वाटेनं, मार्गदर्शक घेऊन जाता येतं. राइड खाजगी केली. ती वाट फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत सोडली आहे.

डायरी परवा रात्री नकाशावर मांडून पाहिली. एकवीसपैकी चौदा नोंदी एकाच ओढ्याच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना, दीडेकशे मीटरच्या आत आहेत. ओढ्याकाठची झाडी तिथे रस्त्याला येऊन भिडते आणि गाड्या उताराला असल्यानं वेगात असतात. जनावरं तिथूनच ओलांडतात हे उघड आहे. त्या जागी रंबलर पट्ट्या (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे उंचवटे) आणि एक फलक मिळावा म्हणून अर्ज करायचा आहे. असा अर्ज कोणी केला आहे का? तो बांधकाम विभागाकडे द्यावा, वनविभागाकडे, की दोघांकडे? ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर वजन येतं का? फोटो आणि तारखा तयार आहेत. मसुदा कोणाकडे असेल तर कृपया इथेच टाका.