टीएलडीने वजन वाढतंय की 'तब्येत सुधारतेय'?

काठावरचा
चारेक वर्षं झाली एचआयव्हीच्या टीएलडी गोळीवर आहे (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्राविर एकत्र), त्याआधी डॉल्युटेग्राविरच्या जागी एफाविरेन्झवाली टीएलई होती. तेव्हा वजन ५८, आता ७१. कमरेचं माप सांगत नाही, पँटी तीनदा बदलल्या एवढंच सांगतो. व्हायरल लोड (रक्तातला व्हायरस) कायम नॉट डिटेक्टेड, त्याबद्दल तक्रार शून्य. पण गेल्या महिन्यात उपाशीपोटी साखर ११८ आली म्हणून सेंटरला विचारलं तर कौन्सिलर ताई हसून म्हणाल्या, अहो तब्येत सुधारलीय तुमची, चांगलंच आहे की. आपल्याकडे गंमतच आहे, तब्येत म्हणजे आरोग्य पण आणि जाडी पण, मावशी पण तेच म्हणते आणि डॉक्टर पण तेच.

माझं म्हणणं, हे औषधाचं काम आहे आणि ते तोंडावर सांगावं. जोहान्सबर्गला ॲडव्हान्स नावाची ट्रायल झाली, १०५३ लोक, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटलेले. ४८ आठवड्यांनी एफाविरेन्झवाल्यांचं वजन साधारण १.७ किलो वाढलं, टीडीएफ (टेनोफोविरचा जुना प्रकार) आणि डॉल्युटेग्राविर (म्हणजे आपली टीएलडीच जवळजवळ) घेणाऱ्यांचं ३, आणि टीएएफ (टेनोफोविरचा नवा प्रकार) आणि डॉल्युटेग्राविर घेणाऱ्यांचं ६. आता मला सांगा, आजारातून तिन्ही गट उठत होते ना? मग तब्येत दोनच गटांची जास्त का सुधारली?

जुना भिडू
मी २००५ पासून गोळ्या खातोय. सरकारने फुकट एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू केली १ एप्रिल २००४ ला, त्याच्या पुढच्या वर्षी मी रांगेत. तेव्हा एसएलएन मिळायची, त्यातला एस म्हणजे स्टॅव्हुडिन. जीव वाचला हे खरं, पण दोन वर्षांत गाल आत गेले, हातापायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, तळपायाची आग आग व्हायची, रात्री पाय ओल्या फडक्यावर ठेवून झोपायचो. रिपोर्ट लपवून काय उपयोग, तोंडावरच लिहिलेलं होतं. माझ्यासोबतच्या दोघांनी फक्त त्या गालांपायी गोळ्या सोडल्या आणि गेले.

युगांडात सुरुवातीला या आजाराला 'स्लिम'च म्हणायचे. आमच्या गावात पण तसंच, माणूस वाळायला लागला की कुजबुज सुरू. ७१ किलो वजन हा पडदा आहे राव, त्यामागे माणूस सुखाने जगतो. तुम्ही असं लिहिता आणि उद्या कोणतरी नवीन पोरगं वाचून गोळी बंद करतं, त्याचं काय?

काठावरचा
काका तुमच्याबद्दल आदरच आहे, पण 'आमच्या वेळी याहून वाईट होतं' हे उत्तर नाही झालं. स्टॅव्हुडिनच्या वेळी पण लोक तक्रार करतच होते ना, २००९ ला डब्ल्यूएचओने सांगितलं की हे बंद करत आणा. तोवर पेशंटला काय सांगत होते? जिवंत आहात ना, मग झालं.

आकडेमोड
धागाकर्त्याने ट्रायल बरोबर सांगितली, निष्कर्षावर मात्र उडी मारलीय. ३ किलो विरुद्ध १.७ किलो यातला १.७ हा शून्य कोणी ठरवला? एफाविरेन्झ स्वतःच वजन दाबत असेल तर? त्याच आफ्रिकन लोकांवर पुढे जनुकांचा अभ्यास झाला. ज्यांचं शरीर एफाविरेन्झ हळू मोडतं, म्हणजे रक्तात औषध जास्त राहतं, त्यांचं वजन वाढलंच नाही, आणि जे भराभर मोडतात त्यांचं जवळपास डॉल्युटेग्राविरवाल्यांइतकंच वाढलं. टीडीएफ पण वजन थोडं खाली धरून ठेवतं, म्हणून टीएएफचा आकडा फुगलेला दिसतो. तुमची केस तर पुस्तकातली आहे, एफाविरेन्झचा ब्रेक सुटला आणि गाडी उतारावर लागली. डॉल्युटेग्राविरने ॲक्सिलरेटर दाबला याचा पुरावा यात नाही.

आणि कॅमेरूनच्या नामसाल ट्रायलमध्ये ४८ आठवड्यांनी ५ किलो विरुद्ध ३ किलो, म्हणजे तिथे एफाविरेन्झवाले पण वाढलेच.

काठावरचा
म्हणजे शिक्षा तीच, फक्त कलम बदललं. पँट चौथ्यांदा घ्यायचीच आहे.

वॉर्डातला
मेडिसिनला रेसिडेंट आहे, ड्युटीवरून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. आकडेमोड यांचा मुद्दा शास्त्र म्हणून बरोबर आहे पण साखरेला त्याच्याशी घेणंदेणं नाही, ब्रेक सुटला काय की ॲक्सिलरेटर दाबला काय, चरबी पोटावरच येणार. आणि किलो मोजतंय कोण? ॲडव्हान्समध्ये जवळपास सगळे कृष्णवर्णीय आफ्रिकन लोक होते. आपलं शरीर वेगळं आहे हे पुण्यातूनच जगाला कळलं, केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा तो जोडफोटो आठवा, लॅन्सेटमध्ये २००४ ला आलेला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपण दिसायला किडकिडीत आणि आतून तुपकट. तर जोहान्सबर्गच्या ३ किलोचा अर्थ सांगली सोलापुरात तोच लावायचा का? मला तरी पटत नाही.

युगांडातून २०२० ला रिपोर्ट आला, डॉल्युटेग्राविरवरच्या ३४१७ पैकी १६ जणांना लक्षणं दिसण्याइतकी साखर चढली, जुन्या औषधावरच्या ३२३० पैकी एकाला. आपल्याकडे आधीच घरटी एक डायबेटिक. म्हणून माझं मत, साखर आणि कंबर मोजल्याशिवाय एफाविरेन्झवरून कोणाला हलवायलाच नको होतं. शिवाय डॉल्युटेग्राविर रक्तातलं मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) वाढवतं, त्यामुळे सोबत मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. बाहेरच्या डॉक्टरला पेशंट एचआयव्हीचं सांगत नाही, तो बिचारा २००० लिहून मोकळा.

गोळीवाली
मी फार्मसीत काम करते, गोळ्या मोजून देते, म्हणून जरा जमिनीवर या म्हणते. ३४१७ मध्ये १६ म्हणजे अर्धा टक्का पण नाही. त्या अर्ध्या टक्क्यासाठी सगळ्यांना मापं काढेपर्यंत एफाविरेन्झवर ठेवायचं? चक्कर, भयानक स्वप्नं, सकाळी डोकं जड, काहींना जीव द्यावासा वाटायचा, ते विसरलात सगळे? डॉल्युटेग्राविरपुढे व्हायरसचं सहजासहजी काही चालत नाही, दोन चार डोस चुकले तरी सांभाळून घेतं. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं आहेत, सहा महिने गावात नसतात, त्यांच्यासाठी हे सगळ्यात मोठं.

आणि बदलून देणार काय? अमेरिकेत डिफाइन नावाची ट्रायल झाली, याच जातीच्या औषधांवर वजन वाढलेल्यांना काढून दारुनाविर या वेगळ्या जातीच्या औषधावर टाकलं, २४ आठवड्यांनी वजनात काही फरक नाही. वाढलेलं वजन औषध बदलून उतरत नाही. मग उगाच चालू गाडीचं इंजिन का काढायचं.

वॉर्डातला
बदला असं मी कुठे म्हटलं? मोजा म्हटलं. ग्लुकोमीटरची पट्टी काय सोन्याची आहे का.

गोळीवाली
"हलवायलाच नको होतं" हे तुम्हीच लिहिलंय वर. वाचा परत.

वॉर्डातला
बरं, ते जास्त झालं. मागे घेतो. पट्टीचं मागे घेत नाही.

दुसरी बाजू
इतका वेळ वाचतेय, एक गोष्ट कोणीच बोललं नाही. ॲडव्हान्समध्ये बायकांचं वजन पुरुषांपेक्षा जास्त वाढलं. आणि हेच औषध २०१८ मध्ये बायकांना द्यायचं की नाही यावर जगभर गोंधळ झाला होता, कारण बोट्स्वानात त्सेपामो अभ्यासात गर्भ राहण्याच्या वेळी डॉल्युटेग्राविर चालू असलेल्या ४२६ जणींपैकी ४ बाळांना मेंदू-मज्जारज्जूचा जन्मदोष निघाला. लगेच कितीतरी देशांत मूल होण्याच्या वयाच्या बायकांना सांगितलं, तुम्ही एफाविरेन्झवरच रहा. तेव्हा आफ्रिकेतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बायका रवांडातल्या किगालीत जमल्या आणि म्हणाल्या की धोका सांगा, फायदा सांगा, निवड आम्ही करतो. पुढे हजारो बाळंतपणं मोजल्यावर तो फरक राहिलाच नाही.

तेव्हा धोका मोठा करून सांगितला आणि आमच्या वतीने ठरवलं, आता धोका हसण्यावारी नेला आणि परत आमच्या वतीनेच ठरवलं. माझ्या बहिणीचं ११ किलो वाढलंय, सासूला वाटतं सुनेला सुख लागलंय. तिला कोणी सांगितलंच नाही की असं होऊ शकतं, ती स्वतःलाच दोष देत भात सोडून बसलीय आणि आता थकवा थकवा म्हणते.

जुना भिडू
ताई, हे मात्र लागलं. भात सोडायला नको तिने. सांगायला माझी ना नाही, पण सांगणाऱ्याला सांगता यायला पाहिजे. 'या गोळीने साखर वाढते' एवढंच वाक्य माझ्या गावात गेलं तर परतताना 'या गोळीने किडन्या जातात' होऊन येईल.

आकडेमोड
खरं तर एवढं किलो किलो करण्यापेक्षा हृदयाकडे बघा. रिप्रीव्ह ट्रायल, ७७६९ लोक, भारतासह १२ देश, ४० ते ७५ वयाचे, सगळे एआरटीवर आणि हृदयरोगाचा धोका कमी ते मध्यम. पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन) ४ मिलिग्रॅम रोज दिली तर हार्ट ॲटॅक, स्ट्रोक वगैरेंचं प्रमाण ३५ टक्क्यांनी उतरलं, २०२३ ला ट्रायल वेळेआधी थांबवली इतकं स्पष्ट होतं. धागाकर्त्याचं वय चाळिशीपुढे असेल तर त्याने हा प्रश्न विचारायला हवा.

वॉर्डातला
आणि त्याच ट्रायलमध्ये नवीन डायबेटिस ५.३ टक्के विरुद्ध ४ टक्के, तेही सांगा की. ३५ टक्के ऐकायला भारी वाटतं, मुळात वर्षाला हजारी सातच्या जागी पाच असा तो हिशोब आहे. ११८ साखरवाल्याला इंटरनेटवरून स्टॅटिन लिहून देऊ नका.

आकडेमोड
लिहून कोण देतंय, विचार म्हटलं. आणि हजारी दोन माणसं वाचतात ती काय फुकट का?

काठावरचा
४४ वय आहे, विचारतो. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) केली काल बाहेरून, ५.९. म्हणजे अजून काठावरच, नाव सार्थ. गोळी चालूच ठेवणार आहे, बंद करणार असं वर कोणाला वाटलं असेल तर नाही. पण पुढच्या तारखेला बायकोच्या शिलाईमशीनची टेप घेऊन जाणारे, ताईंसमोर ठेवतो आणि म्हणतो मोजा आणि त्या हिरव्या पुस्तकात लिहा, वजनाच्या शेजारी जागा आहे.

जुना भिडू
मोजून घ्या. मला वीस वर्षांपूर्वी कोणी मोजलं असतं तर बरं झालं असतं. स्टॅव्हुडिनने बैठकीचं मांस नेलं ते परत आलंच नाही, हे पण उशीवर बसून लिहितोय.