ढगाळ हवेतली समुद्रकाठची सुट्टी
हवा ढगाळ निघाली की समुद्रकाठी गेलेल्या मोठ्या गोतावळ्याची सुट्टी वाया जाते, हे मत मला अर्धेच पटते. माझ्या मते पावसापेक्षा अधिक रसभंग करते ती सर्वांनी सर्व वेळ एकत्रच राहिले पाहिजे ही अपेक्षा. आजी-आजोबांना वाऱ्यात बसवत नाही, लहानग्यांना पाणी खुणावत असते आणि आभाळ निवळण्याची वाट पाहत सगळेच खोलीत अडकून पडतात. त्यापेक्षा दिवसाची आखणी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर करावी. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजेच ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि तेव्हा उघड्या पडणाऱ्या खडकांतल्या डबक्यांत खेकडे शोधण्यासाठी मुलांना लख्ख ऊन लागत नाही. मात्र ढगांमुळे एक गाफीलपणा येतो: अतिनील किरण पातळ ढगांतून बऱ्याच प्रमाणात खाली पोहोचतातच, शिवाय लाटा उंचावल्या की किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाहही बळावतात. अशा दिवशी पाण्यात उतरावे की नाही, हा निर्णय एखाद्या उत्साही काकांवर न सोपवता (असे काका प्रत्येक कुटुंबात असतातच) किनाऱ्यावरील जीवरक्षकांवर सोपवावा.