मेणवलीची घंटा

घंटा नाना फडणवीसांनी ओतवून घेतली का, असं विचारलंत. नाही हो, ती पोर्तुगीजांची! १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या लुटीतली. वाईहून मेणवलीला गेलात तर नानांचा वाडा बघून तडक परत फिरू नका. मागच्या दाराने घाटाच्या पायऱ्या उतरा, मेणेश्वराच्या देवळाजवळ ती टांगलेली दिसेल. जवळ जाऊन पाहा, बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हा आकडा. शिवाच्या दारी मेरी, आहे की नाही गंमत! वाड्यात वरच्या मजल्यावरची भित्तिचित्रं तर अजूनही ताजी दिसतात. चौक सहा. आमचे आजोबा तिथे हमखास वाट चुकायचे.