द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाचा वेगळा अभ्यासक्रम कसा बसवायचा?

चिंचेखालची शाळा:
नमस्कार मंडळी. आमची जि.प.ची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट २३. दुसरे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेले की चारही वर्ग माझ्याच गळ्यात. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मनावर घेतलं की प्रत्येक पोराचा त्याच्या कुवतीप्रमाणे वेगळा अभ्यासक्रम करायचा, म्हणून २३ वह्या घातल्या, कोणाला काय येतं, काय आवडतं, पुढच्या आठवड्यात काय घ्यायचं, सगळं रोज लिहायचे. ऑगस्ट उजाडेपर्यंत दमले. आता वह्या कपाटात आणि मी परत "चला, पान ३४ उघडा" वर.

त्यात तिसरीतला एक मुलगा आहे. आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, दिवाळी झाली की हा पण त्यांच्याबरोबर, येतो तो थेट एप्रिलात. वाचायला बसवलं की 'कमळ' ला क... म... करत अडतो. परवा सहज विचारलं की तिकडे दिवसभर काय करतोस, तर म्हणाला वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याच्या) पेंढ्या विकतो, पाचला एक. म्हटलं सतरा खपल्या तर? "धाचे पन्नास, साताचे पस्तीस, पंच्याऐंशी", एका दमात! आणि पाटीवर लिहिलं ५८. आता याला कुठल्या इयत्तेचं गणित शिकवू सांगा.

खडूफळा:
मॅडम, ३१ वर्षं नोकरी करून रिटायर झालोय म्हणून सांगतो, २३ वह्या हीच चूक झाली. मुलागणिक अभ्यासक्रम लिहायचा नसतो, शिडी एकच करायची आणि कोण कुठल्या पायरीवर उभाय ते बघायचं. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी हेच केलं, पाठ्यपुस्तक फोडून छोटी छोटी कार्डं केली, कार्डावर चित्राची खूण, मूल आपलं आपण शिडीवर बघतं आणि पुढचं कार्ड उचलतं. तुम्हाला एवढी कार्डं छापायची गरज नाही. मी काय करायचो, वर्गात भिंतीला आडवी सुतळी बांधायचो, भाषेच्या चौदा पायऱ्यांच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि प्रत्येक पोराच्या नावाचा कपड्याचा चिमटा. पायरी जमली की पोराने स्वतः चिमटा सरकवायचा. पट २८ होता पण सुतळीकडे बघितलं की घोळके पाचच दिसायचे, चौथीतली दोघं दुसरीच्या पोरांबरोबर आणि पहिलीतली एक चिमुरडी पार पुढे. शिकवायचं त्या घोळक्यांना, इयत्तांना नाही. रोज दोन घोळके मास्तरांपाशी, बाकीचे आपापल्या कामात.

वाचनाला अक्षरगट घ्या. म, क, ल आणि काना एवढंच दिलं तरी काम, माल, काका, मामा, लाल, कमाल एवढे शब्द निघतात, पोरगं पहिल्या आठवड्यात "वाचतंय". सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबलात तर तुमचा तो गडी फडावर निघून जाईल आणि हातात एक शब्द नसेल.

आणि ५८ चं म्हणाल तर तो बरोबर ऐकतोय हो! पंच्याऐंशी म्हणताना 'पंच' आधी येतो, म्हणून ५ आधी लिहिला. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' आलं तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली, भाषा बुडाली म्हणून, पण अडचण हीच होती. त्याला खेळातल्या नोटा द्या, दहाच्या आठ आणि एकाच्या पाच, तोंडाने 'ऐंशी पाच' म्हणू दे, मग पंच्याऐंशी.

नोंदवही_भरा:
सगळं छान आहे सर, पण तपासणीला आलेले साहेब सुतळी बघत नाहीत, पाठ्यक्रम कितपत झाला ते विचारतात, आणि चाचणीचा पेपर इयत्तेचाच येतो, पायरीचा येत नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, फरशीवर अक्षरं-अंक रंगवून शिकवायचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, मीपण गेलो होतो, तिथल्या बाईंनी खरंच जीव ओतून केलंय. पण आमच्याकडे काय झालं, फरशी रंगवली, फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, झाला ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं आपण करून शिकतं तो. रंगाचे पैसे मी खिशातून घातले ते वेगळंच.

खडूफळा:
साहेबांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ दाखवा. अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पुरा करा असं आहेच, पण लगेच त्याच्या खाली प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून लागेल तसं जादा शिकवा असंही आहे. पहिलं सगळ्यांना पाठ, दुसरं कोणी वाचतच नाही.

सारिका_पुणे:
मी शिक्षिका नाही, पालक आहे. मुलगी पुण्यात एका प्रयोगशील शाळेत आहे, परीक्षा नाही, प्रकल्प असतात. मंडईचा प्रकल्प केला तेव्हा आठवडाभर घरात वांग्याचे भाव चालू होते. मजा आहे, पण एक सांगते, 'मुलाच्या कलाने' म्हणत म्हणत तिने वर्षभर भागाकार टाळला आणि ताईंच्या लक्षातच आलं नाही, मागे लागून करून घेतला तो शेवटी मीच. आणि तिथे पंचवीस मुलांना दोन ताया आहेत हो. त्यामुळे सुतळी पटली, निदान कोण कुठे अडकलंय ते दिसतं तरी.

चिंचेखालची शाळा:
तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, मधे नेट आणि मी दोघंही गायब होतो. सुतळी बांधली. भाषेची वेगळी, गणिताची वेगळी, कारण पहिल्याच दिवशी कळलं की एका चिमट्यात पोरगं मावत नाही. आमचा पेंढीवाला गणितात पार तिकडे आणि भाषेत दारापाशी. नोटांचं लगेच जमलं, आता ८५ लिहितो, फक्त लिहिताना ओठ हलतात, 'ऐंशी पाच'. चौथीच्या दोघी त्याच्याकडे हिशोब विचारायला येतात त्यामुळे चाल बदललीय गड्याची. गोंधळ पण आहे, पहिल्या दोन दिवसांत निम्म्यांनी चिमटे उगाचच पुढे सरकवले, मग ठरवलं की सरकवायच्या आधी शेजाऱ्याला करून दाखवायचं.

पण दिवाळीनंतरचं काय? त्याला मागे ठेवावं तर घरी सांभाळायला आजीही नाही. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते शिक्षण हमी कार्ड देऊ, पण त्यावरून तिकडच्या शाळेला काय कळणार हा कुठपर्यंत आलाय.

खडूफळा:
कार्डाच्या मागे तुमच्या सुतळीच्या पायऱ्या हाताने लिहा आणि त्याची पायरी गोल करा, तिकडचा कोणी मास्तर वाचेल तर वाचेल. आणि एक पातळ वही द्या, रोज किती पेंढ्या खपल्या, किती पैसे आले, कोणी घेतल्या, एवढंच लिहायचं. कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, कुरणातच शाळा नेली. तुम्हाला फडावर जाता येणार नाही, वही जाऊ शकते.

चिंचेखालची शाळा:
वही दिली आजच. पहिल्या पानावर त्याने 'वाढे'चं 'वाढ' लिहिलंय, मात्रा राहिली, मी तशीच ठेवली. मला म्हणाला, "बाई, माजा चिमटा काडू नका, मी यीस्तोवर थितंच ऱ्हाऊ द्या."

सुतळीचा फोटो सोमवारी टाकते, आज शाळेत लाईट नाही.