तारण कृपेनेच, मग मृतांसाठी मिस्सा कशाला?

नगरची_सून
माहेर नगरचं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रॉटेस्टंट मंडळीतलं. लग्न करून वसईच्या कॅथलिक घरात आले. रविवारच्या शाळेत बायबलमधलं इफिसकरांस 2:8-9 पाठ करून घेतलं होतं: तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनेच होते, कर्मांनी नव्हे. ‘कृपेनेच’ म्हणताना पाळकबाई टेबलावर बोट आपटायच्या. आता वारलेल्या आजेसासूबाईंची महिन्याची मिस्सा (कॅथलिकांचा चर्चमधला उपासनाविधी) आहे. मिस्सासाठी द्यायच्या पाकिटात पैसे घालता घालता सासूबाई म्हणाल्या, “तुमच्यात मेलेल्याला वाऱ्यावर सोडतात का गं?” मी गप्प. पण ख्रिस्ताने सगळं फेडलं असेल तर मिस्साने त्यात काय भर पडते? कॅथलिक खरंच कर्माने तारण मानतात का? भांडण नकोय, समजून घ्यायचंय.

वसईकर
ताई, ‘कर्माने तारण’ हे आमच्या माथी उगाच मारलेलं आहे. ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1547 साली या विषयावर जे नियम केले, त्यातला पहिलाच असा: ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणेल तो शापित. वाद कृपेवर नाहीच. एकटा विश्वास पुरतो का, यावर आहे. तुम्ही रोमकरांस 3:28 (कर्मांवाचून विश्वासाने) दाखवता, आम्ही याकोब 2:24 (केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनीही). आणि पर्गेटरीतला, म्हणजे मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणातला, आत्मा तारलेलाच असतो, फक्त शुद्ध व्हायचा राहिलेला. मिस्सा त्याच्यासाठी. पाकीट म्हणजे तिकीट नव्हे.

जुना_वाचक
भर घालतो. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये लुथरन या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा महासंघ आणि रोम (कॅथलिक चर्च) यांनी एकत्र सही करून मान्य केलं की देव आपल्याला केवळ कृपेने स्वीकारतो, आपल्या पुण्याईमुळे नव्हे. 2006 मध्ये मेथडिस्ट हे दुसरे प्रॉटेस्टंटही त्यात आले. आपल्या गावातल्या मंडळ्यांना याचा पत्ताच नाही!

मंडळीतला
सही झाली, पण पर्गेटरी कुठे सुटली? 2000 च्या ज्युबिलीला (पवित्र वर्षाला) रोमने इंडलजन्स, म्हणजे पापाच्या शिक्षेतली सूट, जाहीर केलेच, आणि प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर 1517 ला त्यावरूनच तर पेटला होता. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला ‘आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’. त्याच्यासाठी कोणी मिस्सा सांगितली होती?

नगरची_सून
चोराचं सासूबाईंना सांगून पाहिलं. म्हणाल्या, “त्याला तर आम्ही संत म्हणतो, तुम्ही काय म्हणता?” आता यावर काय बोलणार! मिस्साला जाते आहे. कम्युनियनच्या (प्रभुभोजनाच्या) रांगेत उभी राहणार नाही, पाकिटातही काही घालणार नाही. पण नंतरच्या जेवणाचा मसाला मीच भाजतेय, ते मात्र आजींसाठी.