शब्दचर्चा : घराचा ‘खण’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

जुन्या घराची कागदपत्रं लावताना पणजोबांच्या वेळचं वाटणीपत्र सापडलं. मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या एकांकडून उतरवून घेतलं. त्यात असं आहे : ‘माजघरापैकी पूर्वेकडील दोन खण, ओसरीचा एक खण, देवडीवरील माडी सामाईक, विहिरीचे पाणी उभयतांनी घ्यावे.’

मला खण माहीत आहे तो टेबलाचा आणि खणा-नारळाच्या ओटीतला. घराचा खण म्हणजे खोली का? पण माजघर तर एकच खोली, मग तिचे दोन खण कसे काढले?

प्रतिसाद

खण म्हणजे खोली नव्हे. माजघरात उभे राहा आणि वर बघा. आडव्या जाड तुळया दिसतील. एका तुळईपासून दुसरीपर्यंतची जागा म्हणजे एक खण. खांबावर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, म्हणून त्या छताला कडीपाट म्हणायचं. पाटांवर मातीचा थर, आणि त्यावर वरच्या मजल्याची जमीन. एवढं ओझं पेलायचं तर कडी फार लांब ठेवून चालत नाही, ती मध्ये वाकते. म्हणून सुतार ठरावीक अंतरावर तुळई टाकायचा. ते अंतर ठरवायचं लाकूड, आणि लाकडाने ठरवलेलं तेच माप पुढे घराच्या मोजणीचं झालं. तीन खणांचं माजघर, पाच खणी सोपा (म्हणजे ओसरी), असं लोक सहज बोलत.

वाड्याचा भार भिंतींपेक्षा लाकडी सांगाड्यावर असतो, हेही लक्षात घ्या. म्हणूनच १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचं लाकूडकाम गेलं आणि आपल्याला बघायला उरले ते मुख्यतः कोट, दरवाजे नि जोती. साध्या घराचंही तेच. घर पडलं तरी जोत्यावर खांबांचे दगडी तळखडे जागच्या जागी असले, तर इथे किती खण होते ते मोजून सांगता येतं.

प्रतिसाद

वरच्यांनी छान उलगडून सांगितलं. एक भर घालतो. खणाला फुटाचं पक्कं माप नाही. आमच्या घरी ओसरीचा खण माजघरातल्या खणापेक्षा हातभर मोठा आहे. तेव्हा ‘दोन खण म्हणजे अमुक चौरस फूट’ असा हिशेब कोणी मांडून दिला तर मान्य करू नका. आमच्या वाटणीत असा हिशेब झाला आणि एका घराचं नुकसान झालं, अजून बोलणं नाही.

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात गेलात, तर भिंतींवरची चित्रं बघून झाल्यावर मान वर करून तुळया मोजा. पुण्यात विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी सज्जाचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांबही तसेच बघा. लोक नक्षी बघतात आणि पुढे जातात. पण एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत मनात पाऊल टाकत गेलं की जुन्या सुतारांची मोजणी आपल्याला कळू लागते.

प्रतिसाद

‘देवडी’बद्दल. दिंडी दरवाज्यातून आत आल्यावर दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बसण्याची जागा, ती देवडी. आम्ही विदर्भातले, आमच्याकडे ढेलज. ‘दहलीज’चंच ते रूप. ओसरीला कोल्हापूर-साताऱ्याकडे सोपा म्हणतात, गोव्यात वसरी. गोव्याच्या जुन्या हिंदू घरांतल्या मधल्या चौकाला राजांगण म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो. छतालाही असंच. कडीपाट पुण्या-साताऱ्याकडे ऐकला, खानदेशात धाबं आणि मराठवाड्यात माळवद, पण ही दोन्ही मातीची सपाट छपरं, त्यांना कडीपाटाचे प्रतिशब्द समजू नये.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन टेप लावली. माजघराचे तीन खण भरले, प्रत्येक साधारण पाच फुटांचा. लहानपणापासून बघत आलेली मधली भिंत बरोबर दुसऱ्या तुळईखाली उभी आहे. पूर्वेकडे दोन खण, पश्चिमेकडे एक. म्हणजे कागदातला शब्द तिथे तसाच उभा आहे, आणि मी इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून बसत होते!

भिंत नंतरची आहे हेही तेव्हाच कळलं. ती तुळईला भिडलेली नाही, वर चार बोटांची फट आहे. पलीकडे काकूंनी दिवा लावला की उजेड आमच्या कड्यांवर येतो. आणि त्याच तुळईच्या दोन्ही अंगांना झोपाळ्याच्या चार लोखंडी कड्या आहेत. दोन आमच्याकडे, दोन पलीकडे. काकू त्यांना ‘हलकड्या’ म्हणाल्या. हा शब्द आणखी कोणाच्या घरात आहे का? आणि तो फक्त झोपाळ्याच्या कड्यांना म्हणतात की हंड्या-झुंबरं टांगायच्या कड्यांनाही?